डोंबिवली ते सॅन फ्रान्सिस्को म्हणजे किती चिपळूण?

आमच्या आईचं अंतराचं माप ठरलेलं आहे. चिपळूण. माहेर तिथलं, त्यामुळे जगातलं कुठलंही गाव सांगा, ती विचारणार "म्हणजे चिपळूणपेक्षा लांब का?" नागपूर म्हणजे साडेतीन चिपळूण, गोवा म्हणजे चिपळूण आणि वर तेवढंच, असं तिचं चालतं, आणि किलोमीटर सांगितले की ती म्हणते किलोमीटर काय करायचेत, तास सांग, म्हणजे दशम्या किती करायच्या ते कळेल.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात ती ताईकडे निघाली. ताई सॅन होजेला, म्हणजे एअरपोर्ट सॅन फ्रान्सिस्को. एकटी जाणार होती, पहिल्यांदाच, गुडघ्यांमुळे व्हीलचेअर सांगून ठेवली होती, आणि आठ दिवस आधी रात्री भांडी आवरताना तिने तो प्रश्न विचारलाच, "किती चिपळूण गं?"

आता डोंबिवलीहून चिपळूण धरा साधारण २४० किलोमीटर. मी म्हटलं थांब, बघून सांगते. आणि तिथून जे सुरू झालं ते पुढचे आठ दिवस संपलं नाही, म्हणून हे लिहितेय, कारण मला वाटलं होतं दोन मिनिटांचं काम आहे. दोन एअरपोर्टची नावं टाकायची, अंतर येतं, वेळ येते, झालं. तर एका साइटवर आकडा आला ७,३००, दुसरीकडे ८,४००, तिसरीकडे १३,५००. मी दहा मिनिटं डोकं धरून बसले आणि मग लक्षात आलं की तिन्ही बरोबर आहेत, पहिला नॉटिकल मैलात (एक म्हणजे १.८५२ किलोमीटर), दुसरा साध्या मैलात, तिसरा आपल्या किलोमीटरमध्ये, फक्त लिहिताना कुणी ते एवढं बारीक लिहिलेलं की चष्मा लावूनही दिसू नये. असो. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को साधारण साडेतेरा हजार किलोमीटर. भागिले २४०. छप्पन्न चिपळूण.

आई म्हणाली, "छप्पन्न! मग सहा तासांनी छप्पन्नला गुणलं तर चौदा दिवस होतील." एस्टीने जायचं असतं तर झालेच असते, घाट धरून.

पण वेळेचा प्रश्न ह्यापेक्षा वाईट निघाला. एक साइट म्हणते १५ तास, दुसरी १६ तास ४० मिनिटं, आणि आमच्या तिकिटावर सगळे मिळून २१ तास ४० मिनिटं, कारण तिकीट व्हाया दुबई होतं (स्वस्त पडलं, आणि मधे पाय मोकळे होतील म्हणून). आईला म्हटलं असं असं आहे, तर तिचं म्हणणं, दुबई वाटेतच असेल ना, मग काय फरक पडतो.

वाटेत आहे का हे बघायला मी चिरंजीवांचा पृथ्वीगोल काढला. माळ्यावर होता, पाचवीत असताना आणलेला, त्याचं स्टँड मोडलेलं. मिठाईच्या खोक्याचा दोरा घेतला, एक टोक मुंबईवर धरलं, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि ताणला, कारण ताणलेला दोरा म्हणजे गोलावरची सगळ्यात जवळची वाट. हे घरी जरूर करून बघा. भिंतीवरच्या नकाशात आपल्याला वाटतं की अमेरिका म्हणजे डावीकडे, म्हणजे अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक असं करत जायचं. दोरा मात्र तिकडे जातच नाही. तो मुंबईतून सरळ वर निघतो, उत्तरेला आणि किंचित पूर्वेला, लडाखवरून, मग सैबेरिया, मग आर्क्टिक समुद्र, आणि तिकडून अलास्काच्या बाजूने खाली उतरतो. म्हणजे अमेरिका आपल्या पश्चिमेलाही नाही आणि पूर्वेलाही नाही, निदान कॅलिफोर्निया तरी नाही, ती आपल्या डोक्यावर आहे. चिरंजीव म्हणाले "आई हे शाळेत शिकवलंय, ग्रेट सर्कल", आणि मोबाईलमध्ये परत गेले. मला चाळिशीनंतर दोऱ्याने कळलं.

ह्यातला सगळ्यात गमतीचा भाग पुढे आहे. दोरा दिल्लीच्या जवळपास अगदी शेजारून जातो. मुंबई दिल्ली साधारण १,१४० किलोमीटर, दिल्ली सॅन फ्रान्सिस्को साधारण १२,३७०, बेरीज करा, तेवढेच साडेतेरा हजार! म्हणजे दिल्लीला विमान बदललं तर अंतराच्या हिशोबात जवळजवळ शून्य जादा, वाटेतलं स्टेशन असल्यासारखं. आता दुबई. मुंबईहून दुबई १,९०० च्या आसपास, आणि दुबईहून सॅन फ्रान्सिस्को किती, तर तेरा हजाराच्या थोडं वर. म्हणजे १,९०० किलोमीटर उडून गेल्यावर तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या जवळ किती आलात, तर पाचशेसुद्धा नाही. बाकी सगळं बाजूला सरकणं. सिंगापूरचं तर विचारूच नका, माझी एक मैत्रीण तसं गेली होती, मुंबईहून ३,९०० किलोमीटर जाऊन सिंगापूर, आणि तिथून सॅन फ्रान्सिस्को साधारण १३,६००. चार हजार किलोमीटर जाऊन प्रवास जिथल्या तिथे, उलट थोडा वाढलाच. पनवेलला जायला ठाण्याला गाडी पकडायची आणि ठाण्यात कळायचं की पनवेल अजून तेवढंच लांब, तसं काहीसं.

पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर, म्हणजे जगातली कुठलीही दोन ठिकाणं वीस हजारापेक्षा जास्त लांब असूच शकत नाहीत, त्यापुढे गेलात तर परत यायला लागता. त्या हिशोबात आमची ताई शक्य तेवढ्या लांबच्या दोन तृतीयांश लांब जाऊन राहिलीये. हे मी तिला फोनवर सांगितलं तर तिला राग आला.

बरं, अंतर कळलं. आता वेळ. मला शाळेतलं गणित आठवत होतं, अंतर भागिले वेग. मोठं विमान वर गेल्यावर साधारण ताशी ९०० ने जातं, १३,५०० भागिले ९००, पंधरा तास. त्या पहिल्या साइटने बहुतेक हेच केलं होतं. पण तिकिटावर जी वेळ छापलेली असते ती विमान गेटपासून हललं तिथपासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतची. मुंबईत दोन रनवे एकमेकांना फुलीसारखे छेदतात त्यामुळे एका वेळी एकच वापरता येतो, आणि गर्दी तर बघतोच आपण, म्हणजे हललं तरी उडायला वेळ. उतरताना घिरट्या. हे धरून कंपनी थोडी वेळ वाढवूनच छापते, म्हणूनच कधीकधी उशिरा निघालेलं विमान वेळेवर पोचतं आणि पायलट अभिमानाने अनाउन्समेंट करतो.

आणि खरी गोष्ट म्हणजे वारा. हे मला माहीत होतं आणि नव्हतंही. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमकी विमानं उडतात तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे पट्टे वाहत असतात, जेट स्ट्रीम, थंडीत तर ताशी २०० किलोमीटरच्या वर सहज. विमानाचा ९०० चा वेग हा हवेतला वेग. वारा पाठीवर असेल तर जमिनीच्या हिशोबात ११००, तोंडावर असेल तर ७००. सावित्री नदीत होडी घालणाऱ्याला हे सांगायला नको. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून लंडनला जाणारं ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो जेट वादळी वाऱ्यात असं सापडलं, म्हणजे वाऱ्याने असं धरलं की ४ तास ५६ मिनिटांत लंडनला. एरवी सहा साडेसहा तास लागतात. जमिनीवरून बघितलं तर वेग १,३०० च्या वर. आतल्या लोकांना काही कळलंही नसेल, कॉफी हलली असेल एवढंच.

आणि ह्यापेक्षा भारी उदाहरण आपल्याकडचं आहे. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को थेट विमान सुरू केलं. आधी ते युरोप, अटलांटिक असं पश्चिमेकडून जायचं, साधारण १३,९०० किलोमीटर, सोळा तासांच्या वर. मग ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी उलटं केलं, पूर्वेकडून पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं १५,३००. म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त, सहा चिपळूण जास्त. आणि वेळ? साडेचौदा तास. लांबून गेले आणि लवकर पोचले. हे वाचल्यावर मी आईला हाक मारली, म्हटलं ऐक, तर ती म्हणाली त्यात काय, आम्ही नाही का गणपतीत हायवे सोडून लांबच्या रस्त्याने जातो. बोलणं खुंटलं.

ह्या बातमीवरून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तेव्हा एका काकांनी मेसेज टाकला होता, मला अजून आठवतोय, की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून तिच्या बाजूने उडालं की लवकर पोचतो. पाच जणांनी अंगठे दिले होते. काका, पृथ्वी फिरते तेव्हा हवाही तिच्याबरोबर फिरते हो, नाहीतर आपण गच्चीत उडी मारली असती तर ठाण्याला पडलो असतो. फायदा वाऱ्याचा. वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वळतात ह्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, तो भाग वेगळा, पण तो लांबचा चुलत संबंध झाला.

जाता जाता एक, हे वाचताना सापडलं आणि मन हळहळलं. हे वरचे जोरदार वारे पहिल्यांदा नीट मोजले ते वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानशास्त्रज्ञाने, १९२० च्या दशकात, फुगे सोडून सोडून. आणि आपला अहवाल जगाने वाचावा म्हणून त्याने तो लिहिला कुठल्या भाषेत, तर एस्पेरांतो! सगळ्या जगाची भाषा म्हणून बनवलेली. कुणी वाचलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बॉम्बर विमानं जपानवर गेली आणि समोरच्या वाऱ्यात जागच्या जागी उभी राहिल्यासारखी झाली तेव्हा त्यांना कळलं की वर काय आहे.

तर वेळ म्हणजे अंतर, अधिक वारा, अधिक तिसरी एक भानगड, की दोऱ्याच्या रेषेवरून जाऊ देतात का. दिल्लीच्या सरळ वर काराकोरम आणि तिबेटचं पठार. तिथे विमान टाळतात, कारण केबिनमधला दाब गेला तर पटकन तीन हजार मीटरपर्यंत खाली यावं लागतं, वरून पडणारे ते पिवळे मास्क काही मिनिटांपुरतेच असतात, आणि खाली जमीनच पाच हजार मीटरवर असेल तर येणार कुठे. मग राजकारण. रशियाने २०२२ पासून अमेरिकन कंपन्यांना वरून जायला बंदी केलीये, आपल्याला आणि आखातातल्या कंपन्यांना परवानगी आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानची हद्द भारतीय विमानांना बंद झाली तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही विमानं मधे व्हिएन्नाला इंधन भरायला उतरायला लागली. दोरा तोच, एअरपोर्ट तेच, आणि प्रवास कित्येक तासांनी वाढला. त्या अंतर सांगणाऱ्या साइटवर ह्यातलं काही नसतं, त्या आपल्या पंधरा तास म्हणत बसल्यात.

आता आईचं.

तिकीट निघालं गुरुवारचं. पहाटे साडेचारला मुंबई, सहाला दुबई, तिथून ८.५० ला निघायचं आणि गुरुवारीच दुपारी १.४० ला सॅन फ्रान्सिस्को. आई गुरुवार करते. गेली बत्तीस वर्षं. दिवसभर उपासाचं, आणि दिवेलागणीला देवापुढे दिवा लावून मग जेवायचं. तिने तिकिटावरच्या वेळा दोनदा वाचल्या आणि विचारलं, "हा गुरुवार संपतो कधी?"

मी बोटं मोजली. तेव्हा तिकडे उन्हाळ्याची वेळ, आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे. म्हणजे आपल्याकडे मध्यरात्री सुरू झालेला गुरुवार तिच्यासाठी साडेछत्तीस तासांचा. आणि सॅन होजेला मे महिन्यात सूर्य मावळतो आठच्या पुढे, म्हणजे ताईकडच्या दिवेलागणीपर्यंत थांबायचं तर आपल्याकडचे शुक्रवारचे सकाळचे साडेआठ. शुगर आहे तिला. ताई फोनवर म्हणाली उपास करूच नको, प्रवासात चालतं. मी म्हटलं दुबईत सोड. आई दोघींचं ऐकून घेऊन गप्प बसली, म्हणजे ऐकणार नव्हती. पिशवीत राजगिऱ्याचे लाडू, केळी, खजूर भरले, आणि वेगळ्या डब्यात चार दशम्या आणि कोरडी चटणी.

तिला सोडायला रात्री एकला टी टू वर गेलो. व्हीलचेअरवाला मुलगा साताऱ्याचा निघाला, दोघांचं लगेच जमलं, ती आत जाताना आमच्याकडे वळून बघायची विसरली. मी मात्र घरी येऊन जी फोन घेऊन बसले ती दिवसभर. विमान दाखवणारं ॲप आहे ना, त्यात ते छोटं पिवळं विमान. दुबईहून निघालं, आणि बघते तर खरंच सरळ वर! दुबई आणि सॅन फ्रान्सिस्को पृथ्वीगोलावर जवळजवळ समोरासमोरच्या रेखावृत्तांवर आहेत, त्यामुळे तिथला दोरा ध्रुवाला चिकटूनच जातो, शेदोनशे किलोमीटरवरून. इराण, कॅस्पियन समुद्र, मग रशिया, संपता संपेना रशिया, दुपारी जेवले, एक डुलकी काढली, तरी रशियाच.

आणि साडेपाच सहाच्या सुमाराला विमान गायब. म्हणजे ॲपमध्ये फक्त एक तुटक रेघ. माझ्या पोटात गोळा. चिरंजीवांनी सांगितलं की जमिनीवर ठेवलेले रिसीव्हर विमानाचा सिग्नल पकडतात, आर्क्टिक समुद्रात रिसीव्हर ठेवणार कोण, अस्वलं? आलं लक्षात, पण गोळा काही गेला नाही. मी सात वाजता देवापुढे दिवा लावला आणि तिथेच बसून राहिले. मग रात्री साडेनऊ दहाच्या दरम्यान कॅनडाच्या वरच्या अंगाला ते पिवळं विमान पुन्हा उगवलं, आपल्या तोऱ्यात, नाक आता खाली दक्षिणेकडे. वळलं नव्हतं बरं का कुठे. सरळच जात होतं, ध्रुवाजवळून पलीकडे गेलं की उत्तरेला जाणारा आपोआप दक्षिणेला जायला लागतो.

आपल्याकडचे रात्रीचे दोन वाजून गेलेले तेव्हा ती उतरली, अर्धा तास उशिरा, आणि साडेतीनला ताईच्या फोनवरून व्हिडिओ कॉल. पहिली मीच विचारलं, उपासाचं काय केलंस?

म्हणाली, "सोडला की. वेळेवर."

वेळेवर म्हणजे कुठल्या? तर तिने मनगटावरचं घड्याळ बदललंच नव्हतं, डोंबिवलीचीच वेळ होती त्यात. शेजारी एक पंजाबी बाई होत्या त्यांनी सांगितलं खिडकीबाहेर नुसतं पांढरं आहे, बर्फाच्या लाद्या, आणि ऊन तर असं की झडप उघडली तर डोळे दिपतात. घड्याळात सात वाजले. आईने समोरच्या पडद्यावर बघितलं, विमान नकाशाच्या अगदी टोकाला, त्याच्या वर काहीच नव्हतं. तिने मनात दिवा लावला, हात जोडले, डबा उघडला आणि दशमी खाल्ली. पंजाबी बाईंनाही एक दिली.

मी म्हटलं, आई, तू उत्तर ध्रुवावर उपास सोडलास! मग मी उगाच शहाणपणा करून सांगायला लागले की ध्रुवावर तशी वेळच नसते, सगळी रेखावृत्तं तिथे एका गाठीत येतात, त्यामुळे किती वाजले ह्याला उत्तरच नाही, आणि मे महिन्यात तिथे सूर्य मावळतच नाही, महिनोन्‌महिने.

"मग दिवा कधी लावतात तिथले लोक?" आई म्हणाली. मग म्हणाली बरं ते राहू दे, गुडघे ठीक आहेत, जेवण बेचव होतं, आणि छप्पन्न चिपळूण काही वाटले नाहीत गं, वाटेत एकही घाट लागला नाही.